मागण्यांची खतावणी

पेढीवर नवे सॉफ्टवेअर घ्यावयाचे ठरले की घरात पहिली बैठक होते आणि तीत प्रत्येकाच्या तोंडी एकेक मागणी असते. वडील म्हणतात, "कोणाकडे किती येणे आहे, हे मला सकाळी बसल्या जागी दिसले पाहिजे." थोरले चिरंजीव म्हणतात, "बिल पटकन निघाले पाहिजे, गिऱ्हाईक खोळंबता कामा नये." धाकट्यांना गोदामातला साठा मोबाइलवर पाहावयाचा असतो. दिवाणजींना वाटते, वहीत जसे आहे तसेच संगणकात उतरावे. कर सल्लागारांना विवरणपत्राचे आकडे वेळेवर हवे असतात. बँकेचे व पत्रव्यवहाराचे काम पाहणाऱ्या सूनबाई हळूच म्हणतात, "माझ्या नावाने दुसऱ्या कोणी नोंद करू नये, एवढे पाहा." बैठकीत त्यांच्या बोलण्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

सॉफ्टवेअर विकावयास आलेले गृहस्थ हे सारे उतरवून घेतात आणि "सगळे होईल" असे सांगून जातात. पैसे दिले जातात, काम सुरू होते आणि सहा महिन्यांत घरात कुरबुर ऐकू येऊ लागते. बिल झटपट निघते, पण परत आलेल्या मालाची नोंद कोठे करावयाची ते कोणास ठाऊक नसते. साठा मोबाइलवर दिसतो, पण गोदामातील पोत्यांशी जुळत नाही. विक्रेता म्हणतो, "हे तुम्ही सांगितलेच नव्हते." बहुतेक वेळा त्याचे म्हणणे खरे असते. जे सांगितले गेले ते सुचेल तसे सांगितले गेले. जे सुचले नाही ते राहून गेले.

आपल्या व्यापारी घराण्यांना या अडचणीवरचा उपाय नवा नाही. दिवसभरात जे व्यवहार होतात ते रोजकीर्दीत घडतील त्या क्रमाने लिहिले जातात. परंतु कीर्द वाचून कोणाचे किती येणे आहे ते सांगता येत नाही. त्यासाठी प्रत्येक रक्कम तिच्या तिच्या खाती नेऊन मांडावी लागते. तिलाच आपण खतावणी म्हणतो. खतावणी झाली की तेरीज काढता येते आणि तेरीज जुळली नाही तर काहीतरी राहिले किंवा चुकीच्या बाजूस पडले, हे ध्यानात येते. घरच्या बैठकीत बोलून दाखविलेल्या मागण्या ही कीर्द होय. तिची खतावणी केल्यावाचून सॉफ्टवेअर विकत घेणे म्हणजे कीर्दीवरून ताळेबंद करण्याचा प्रयत्न करणे आहे.

सॉफ्टवेअरच्या शास्त्रात या कामाला आवश्यकतांचे वर्गीकरण म्हणतात. त्याच्या अनेक पद्धती आहेत. त्यांतील जे आपल्या पेढीला व संस्थेला उपयोगी पडेल, तेवढ्याचा विचार या लेखात करू.

पहिली वाटणी : हेतू, गरज, कार्य आणि स्थित्यंतर

व्यवसायाचे विश्लेषण करणाऱ्यांची आयआयबीए नावाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिच्या मार्गदर्शक ग्रंथात आवश्यकतांचे चार थर सांगितले आहेत. पहिला थर व्यवसायाच्या हेतूचा. "उधारी वसुलीचा सरासरी काळ कमी व्हावा" ही या थरातील आवश्यकता झाली. ती सॉफ्टवेअरसंबंधी नाही, धंद्यासंबंधी आहे. दुसरा थर संबंधित माणसांच्या गरजांचा. वडिलांना थकबाकी दिसावी, गोदामावरील माणसाला पोती मोजताना लिहिणे सोपे जावे, या गरजा येथे येतात. तिसरा थर प्रत्यक्ष सॉफ्टवेअरने काय करावयाचे याचा. चौथा थर स्थित्यंतराचा. जुन्या वहीतून नव्या यंत्रणेत जाताना जे एकदाच करावे लागते ते या थरात पडते. आरंभीच्या शिलकी भरणे, जुन्या गिऱ्हाइकांची नावे एकाच पद्धतीने लिहिणे, माणसांना शिकविणे ही कामे त्यात येतात.

या चार थरांची गल्लत झाली की भांडणे होतात. वसुली वाढली नाही म्हणून सॉफ्टवेअरला दोष देणे ही पहिल्या व तिसऱ्या थराची गल्लत आहे. सॉफ्टवेअर थकबाकीची यादी वेळेवर देईल. यादी हाती घेऊन गिऱ्हाइकाला फोन करणे हे माणसाचेच काम राहील. ज्या घरात हा भेद आधी बोलला जातो, त्या घरात सॉफ्टवेअरकडून अवास्तव अपेक्षा राहत नाहीत.

तिसऱ्या थराचे पुन्हा दोन भाग होतात. सॉफ्टवेअरने काय करावे, या आवश्यकता कार्यात्मक. ते किती चांगले, किती वेगाने, किती विश्वासाने करावे, या आवश्यकता गुणविषयक. ह्यूलेट-पॅकार्ड या कंपनीत काम करणाऱ्या रॉबर्ट ग्रेडी यांच्या नावाशी जोडलेली जी वर्गवारी प्रसिद्ध आहे, तिच्यात कार्य, वापरण्यातील सुलभता, भरवसा, वेग आणि देखभालीची सोय असे पाच विभाग आहेत. पहिला विभाग कार्याचा, उरलेले चार गुणांचे. "बिल तयार झाले पाहिजे" हे कार्य. "बिल पाच सेकंदांत निघाले पाहिजे" हा गुण. "वीज गेली तरी अर्धवट बिल हरवू नये" हाही गुणच, पण भरवशाच्या विभागातील.

दोन्ही भागांमधील सीमारेषा मात्र दगडावरची नाही. झुरिक विद्यापीठातील मार्टिन ग्लिन्त्स यांनी २००७ च्या आपल्या निबंधात दाखविले की, तीच अपेक्षा कशी लिहिली आहे यावर ती कोणत्या खाती जाते हे अवलंबून असते. "अधिकार नसलेल्या माणसाला खाते पाहता येऊ नये" असे लिहिले तर तो सुरक्षिततेचा गुण होतो. "खाते उघडण्यापूर्वी प्रत्येक वेळी नाव व संकेतशब्द विचारावा" असे लिहिले की ते कार्य होते. पहिले वाक्य घरच्यांनी लिहावयाचे, दुसरे सॉफ्टवेअर करणाऱ्याने. पहिले न लिहिता केवळ दुसरे मान्य केले, तर संकेतशब्द विचारला जातो, पण तो सर्वांना ठाऊक असतो आणि मूळ हेतू बाजूला राहतो.

दुसरी वाटणी : कार्याची खाती

आता कार्यात्मक आवश्यकतांकडे वळू. व्यवसायाच्या सॉफ्टवेअरमध्ये हाच भाग मोठा असतो आणि गोंधळही येथेच अधिक होतो. आयबीएममध्ये काम करणारे ॲलन आल्ब्रेक्ट यांनी १९७९ मध्ये सॉफ्टवेअरचे आकारमान मोजण्याची एक पद्धत मांडली. आज रूढ असलेल्या तिच्या रूपात कार्याचे पाच प्रकार मोजतात : बाहेरून आत येणाऱ्या नोंदी, आतून बाहेर जाणारे अहवाल, विचारणा, आत सांभाळलेली माहिती आणि दुसऱ्या यंत्रणांकडे असलेली पण आपण वापरत असलेली माहिती. ही पद्धत मोजमापासाठी निघाली, तथापि काही राहिले तर नाही ना, हे पाहण्यासही ती उत्तम आहे. भुसार मालाच्या एखाद्या पेढीचे उदाहरण घेऊन ती लावून पाहू.

नोंदी : मालाची आवक, विक्री, परत आलेला माल, रोख जमा, रोख नावे, धनादेश, हमाली, तोलाई, अडत. येथे बहुधा परत आलेला माल, न वटलेला धनादेश आणि वजनातील घट या तीन गोष्टी राहून जातात, कारण त्या रोज घडत नाहीत. विक्रेता दाखवितो तो नेहमी सरळ चालणाऱ्या व्यवहाराचा खेळ असतो. पेढीची कसोटी मोडलेल्या व्यवहारात लागते.

सांभाळलेली माहिती : गिऱ्हाईक, शेतकरी, माल, गोदाम, दर. येथे प्रश्न असा विचारावा की, एकाच गिऱ्हाइकाची दोन नावे पडली तर ती एक करता येतात काय? एकाच गावात एकाच आडनावाची दहा खाती असतील, तर ती ओळखावयाची कशी?

विचारणा व अहवाल : अमक्याचे येणे किती, हा झाला तेथल्या तेथे विचारलेला प्रश्न. महिन्याची तेरीज, थकबाकीची वयवार यादी, साठ्याचा अहवाल ही झाली तयार करून घ्यावयाची पत्रके. या भागात मागण्या भरमसाट येतात. त्यांवर एक साधी गाळणी लावावी. हा अहवाल हाती आल्यावर कोण, कोणता निर्णय घेणार आहे? उत्तर नसेल तर अहवालाची गरज नाही.

बाहेरच्या यंत्रणा : बँक, जीएसटीचे संकेतस्थळ, ई-वे बिल, वजनकाटा, मोबाइलवरून येणारे पैसे. १ एप्रिल २०१८ पासून ५०,००० रुपयांहून अधिक किमतीचा करपात्र माल परराज्यात नेताना ई-वे बिल लागू लागले. अशा ठिकाणी समोरची यंत्रणा बंद असेल तेव्हा आपली पेढी काय करील, हीसुद्धा कार्यात्मक आवश्यकताच आहे. ती लिहून ठेवली नाही तर गाडी भरून दारात उभी राहते आणि उत्तर कोणाकडेच नसते.

या पाच खात्यांत मावणार नाही अशी एक मोठी गोष्ट पेढीत असते, ती म्हणजे नियम. नियम ना नोंद असतो, ना अहवाल. तो दोहोंच्या मध्ये बसून हिशेब ठरवितो. १८ जुलै २०२२ पासून आधीच बांधलेले व लेबल लावलेले धान्य २५ किलोपर्यंतच्या पाकिटात असेल तर त्यावर ५ टक्के जीएसटी आला. त्याहून मोठ्या पोत्यावर व सुट्या धान्यावर तो आला नाही. तांदूळ तोच, गिऱ्हाईक तेच, पण बांधणी बदलली की कर बदलतो. म्हणजे मालाच्या नोंदीत केवळ "तांदूळ" हे नाव पुरत नाही, बांधणीचे वजन व प्रकार हेही सांभाळावे लागतात. एका नियमाने सांभाळावयाच्या माहितीचे खाते कसे बदलते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

नियम काळाबरोबर बदलतात, हेही ध्यानी घ्यावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे १२ व २८ टक्क्यांचे टप्पे बव्हंशी मोडले आणि बदामासारखा सुका मेवा १२ वरून ५ टक्क्यांवर आला. ज्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये दर एकाच चौकटीत लिहिला होता, त्यांनी तो खोडून नवा लिहिला. पण २२ सप्टेंबरपूर्वी विकलेला बदाम नंतर परत आला, तर त्याची जमापावती जुन्याच दराने करावी लागते. यासाठी आवश्यकता अशी लिहावयास हवी होती : "प्रत्येक मालाचा दर तो लागू झाल्याच्या तारखेसह ठेवावा आणि परतीचा हिशेब मूळ बिलाच्या तारखेच्या दराने व्हावा." एवढ्या एका वाक्याने पुढची कितीतरी धावपळ वाचते.

नियमांचे खाते संस्थांनाही तितकेच लागू आहे. आपल्या समाजात मंदिरे, वसतिगृहे, शिक्षणसंस्था चालविणारे अनेक विश्वस्त आहेत. देवद्रव्य, ज्ञानखाते, जीवदया, साधारण अशी खाती पूर्वापार वेगळी ठेवली जातात आणि देवद्रव्याची रक्कम साधारण खर्चास वापरावयाची नाही, हा दंडक सर्वांना ठाऊक आहे. परंतु बाजारात मिळणाऱ्या सर्वसाधारण हिशेबाच्या सॉफ्टवेअरला तो ठाऊक नसतो. त्याच्या दृष्टीने ही सारी खाती सारखीच. एकातून दुसऱ्यात रक्कम फिरविण्यास ते हरकत घेत नाही. नवा कारकून अजाणता तसे करू शकतो. हा दंडक आवश्यकतेच्या रूपाने लिहून दिला, तरच यंत्र त्या ठिकाणी थांबेल.

तिसरी वाटणी : अधिकार, माग आणि वाद

आता सूनबाईंच्या त्या वाक्याकडे वळू. "माझ्या नावाने दुसऱ्या कोणी नोंद करू नये." ही मागणी वरच्या कोणत्याच खात्यात बसत नाही. ती नोंद नाही, अहवाल नाही, कराचा नियमही नाही. तिच्यासाठी तीन वेगळी खाती उघडावी लागतात : कोणास काय करण्याचा अधिकार आहे, केलेल्या प्रत्येक बदलाचा माग राहतो काय, आणि एखादी नोंद मान्य नसेल तर तसे नोंदविण्यास जागा आहे काय. ही तीन खाती रिकामी राहिली तर काय होते, याचे एक भीषण उदाहरण ब्रिटनमध्ये घडले आहे.

ब्रिटनच्या टपाल खात्याच्या हजारो शाखा खासगी चालक सांभाळतात. पुष्कळदा ते गावातील छोटे दुकानदार असतात आणि त्यांत भारतीय वंशाचेही अनेक आहेत. १९९९ पासून या शाखांत होरायझन नावाची संगणकप्रणाली बसविण्यात आली. ती पुढे फुजित्सु या कंपनीच्या देखरेखीखाली चालत असे. नोंदी होत, अहवाल निघत, शिल्लक दाखविली जाई. पण अनेक शाखांत यंत्र सांगे ती शिल्लक आणि पेटीतली रोकड यांत तफावत येऊ लागली. करारानुसार तूट चालकाने भरून द्यावयाची होती. पूर्वी शाखेला अशी वादाची रक्कम उचंत खाती ठेवता येत असे. २००५ मध्ये ती सोय काढून घेण्यात आली. महिन्याचा हिशेब बंद करावयाचा तर तूट मान्य करण्यावाचून पडद्यावर दुसरा मार्गच उरला नाही. "मला हे मान्य नाही" असे यंत्राला सांगता येईना. त्यासाठी दूरध्वनीवर मदत मागावी लागे.

१९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक चालकांना चोरी, खोटे हिशेब अशा आरोपांखाली दोषी ठरविण्यात आले. कित्येकांनी घरदार विकून तूट भरली, काही तुरुंगात गेले. डिसेंबर २०१९ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने निकाल दिला की प्रणालीत दोष होते, त्यांमुळे खोटी तूट दिसू शकत होती आणि कंपनीच्या माणसांना दुरून, चालकाच्या नकळत, शाखेच्या नोंदींत फेरफार करणे शक्य होते. मे २०२४ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा करून अशा शेकडो शिक्षा एकदम रद्द केल्या. तोपर्यंत काही चालक हयात राहिले नव्हते.

या प्रकरणात दडपणूक, अहंकार, कायद्याची चूक असे पुष्कळ काही होते. सारा दोष आवश्यकतांच्या यादीवर टाकणे योग्य होणार नाही. परंतु आपल्यापुरता बोध स्पष्ट आहे. उचंत खाते ही आपल्या जुन्या वहीतील अत्यंत शहाणपणाची सोय आहे. रक्कम कशाची ते आज कळत नाही, म्हणून ती कोणाच्याही नावे न टाकता बाजूला ठेवावी, शोध घ्यावा आणि मग तिचा निकाल लावावा, असा तिचा अर्थ. ज्या सॉफ्टवेअरमध्ये उचंतीची जागा नाही, ते प्रत्येक फरकाला कोणातरी माणसाच्या नावे टाकण्यास भाग पाडते. एकत्र कुटुंबाच्या धंद्यात तो माणूस म्हणजे सख्खा भाऊ, चुलतभाऊ किंवा तीस वर्षे इमानाने राबलेले दिवाणजी असतात. एका चुकीच्या तुटीने घरात पडलेला संशय पुढे हिशेब जुळला तरी पुष्कळदा जात नाही.

मागाविषयी आपल्याकडे कायदाही झाला आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक व्यवहारातील बदलांचा तारखेसह माग राहिला पाहिजे आणि तो बंद करता येता कामा नये, असा नियम आहे. हा नियम कंपनी कायद्याखालील कंपन्यांना आहे. भागीदारी पेढीला किंवा एकट्याच्या दुकानाला नाही. परंतु कायद्याने सक्ती केली नाही म्हणून शहाणपणाने तो स्वीकारू नये, असे थोडेच आहे? जुन्या वहीत खाडाखोड केली तर खालचा आकडा दिसत राही आणि शेजारी सही घेतली जाई. वहीचे पान फाडणे हा तर मोठाच गुन्हा समजला जाई. संगणकात नोंद पुसली की खाली काहीच उरत नाही. म्हणून तिसऱ्या वाटणीत निदान चार वाक्ये लिहावीत : जतन केलेली नोंद पुसता येऊ नये, फक्त उलट नोंद करता यावी, प्रत्येक नोंदीवर करणाऱ्याचे नाव व वेळ राहावी, विक्रेत्याच्या माणसाने दुरून काही बदलले तर तेही मालकाला दिसावे, आणि न जुळणारी रक्कम कारणासह उचंत खाती ठेवता यावी.

महत्त्वाची वाटणी वेगळी

येथवर जी खाती पाहिली, ती आवश्यकता कोणत्या प्रकारची आहे हे सांगतात. ती किती महत्त्वाची आहे हे सांगत नाहीत. या दोन गोष्टी एकाच रांगेत बसविण्याची चूक पुष्कळ ठिकाणी होते. महत्त्वाच्या वाटणीसाठी डाय क्लेग यांनी १९९४ मध्ये सुचविलेली रीत सोपी आहे. प्रत्येक आवश्यकतेपुढे चारांपैकी एक शेरा लिहावयाचा : हवेच, असावे, असले तर बरे, यंदा नको. "हवेच" हा शेरा कशाला द्यावा, याची कसोटी कडक ठेवावी. ती गोष्ट नसेल तर पेढी दुसऱ्या दिवशी उघडता येईल काय? येत असेल, तर तो शेरा देऊ नये.

चौथा शेरा सर्वांत उपयोगी आहे. "यंदा नको" म्हणजे नाकारले नाही. धाकट्यांची मोबाइलची मागणी त्या यादीत गेली, तर ती ऐकली गेली, लिहिली गेली आणि पुढल्या वर्षी पुन्हा विचारात घेतली जाईल, हे त्यांना कळते. घरातील तरुणांचा उत्साह टिकविण्याचा आणि खर्च आटोक्यात ठेवण्याचा हा समंजस मार्ग आहे.

एक वाक्य, एक आवश्यकता

खतावणी नीट व्हावयाची तर कीर्दीतील प्रत्येक नोंद स्वच्छ हवी. आवश्यकता लिहिण्यासंबंधीच्या आंतरराष्ट्रीय मानकातही हेच सांगितले आहे : प्रत्येक आवश्यकता गरजेची असावी, तिचा एकच अर्थ निघावा, तिच्यात एकच गोष्ट असावी आणि ती पूर्ण झाली की नाही हे तपासता यावे. "सॉफ्टवेअर सोपे असावे" ही इच्छा झाली. "दिवाणजींना एक आठवड्याच्या शिकवणीनंतर कोणाच्या मदतीशिवाय दिवसाची कीर्द बंद करता यावी" ही आवश्यकता झाली, कारण आठवड्यानंतर ती तपासून पाहता येते. "व्याजाचा हिशेब व्हावा" असे लिहू नये. दिवस ३६५ धरावयाचे की ३६०, पैसे आले तो दिवस धरावयाचा की सोडावयाचा, पाडव्याला हिशेब पुरा करणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकाला सूट द्यावयाची की नाही आणि ती कोणी द्यावयाची, हे सारे सुटे सुटे लिहावे.

यातील बरेचसे ज्ञान कोठेही लिहिलेले नसते. ते दिवाणजींच्या आणि वडीलधाऱ्यांच्या डोक्यात असते. कोणत्या शेतकऱ्याला पेरणीच्या वेळी उचल दिली जाते, कोणाचा धनादेश दोन दिवस थांबवावयाचा, कोणत्या गिऱ्हाइकाचा माल आला की आधी कळवावयाचे, हे रिवाज पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले असतात. "वहीत आहे तसेच संगणकात असावे" या दिवाणजींच्या वाक्याला हट्ट समजू नये. वहीच्या त्या रचनेत एखादा नियम दडलेला असतो आणि तो त्यांना शब्दांत सांगता येत नाही, एवढेच. त्यांच्याजवळ बसून, एकेका रकान्यावर बोट ठेवून "हा रकाना नसेल तर काय अडेल?" असे विचारावे. बोलता बोलता जो नियम उलगडतो, तो आपल्या खाती लिहून घ्यावा. दिवाणजी निवृत्त झाल्यानंतर हे ज्ञान कितीही पैसे देऊन परत मिळत नाही.

सगळी खतावणी झाली की तेरीज काढावी. एका मोठ्या कागदावर उभ्या रांगेत माणसे लिहावीत : वडील, मुले, सुना, दिवाणजी, गोदामावरील माणूस, कर सल्लागार. आडव्या रांगेत खाती लिहावीत : नोंदी, माहिती, विचारणा व अहवाल, बाहेरच्या यंत्रणा, नियम, अधिकार, माग, वाद, आणि शेजारी गुण व स्थित्यंतर. प्रत्येक आवश्यकतेला क्रमांक देऊन तो योग्य चौकटीत टाकावा. ज्या चौकटी रिकाम्या राहिल्या, त्या माणसाला त्या विषयी पुन्हा विचारावे. खरोखरीच काही नसेल तर चौकट रिकामीच राहू द्यावी. बहुतेक घरांत "वाद" ही रांग पहिल्या खेपेस सबंध कोरी असते आणि तिथेच अर्धा तास अधिक बसण्याची गरज असते.

हा कागद विक्रेत्यापुढे ठेवला की संभाषणाचा सूर बदलतो. "सगळे होईल" या उत्तराऐवजी प्रत्येक क्रमांकापुढे आहे, करून देऊ, होणार नाही, असे तीनपैकी एक उत्तर लेखी मागता येते. "होणार नाही" हे उत्तर ऐकून नाराज होऊ नये. ते आधी कळले हा आपला लाभ आहे. प्रत्यक्ष काम सुरू झाल्यावर निदान एक महिना वही व संगणक दोन्ही चालवावेत आणि महिनाअखेर दोहोंची तेरीज ताडून पाहावी. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते, म्हणून मार्चच्या गर्दीत हे काम काढण्यापेक्षा दिवाळीनंतरच्या निवांत दिवसांत कागद तयार करावा, म्हणजे नव्या वर्षापूर्वी तपासण्यास पुरेसा अवधी मिळतो.

सॉफ्टवेअरची निवड तरुणांनी करावी, त्यास कोणाची हरकत नसावी. पण आवश्यकतांचा कागद सर्वांनी एकत्र बसून करावा, आणि जी व्यक्ती बैठकीत सर्वांत कमी बोलते, तिला सर्वांत आधी विचारावे.